विस्कॉन्सिनला हळद-कुंकू

आमचे घरमालक कुणाशी हात मिळवत नसत. मंडळाच्या गणपतीत एखादा नवा माणूस उत्साहाने हात पुढे करी, तेव्हा काका दोन्ही हात जोडून मोकळे होत. लोकांना वाटे, किती संस्कारी गृहस्थ. मला खरं कारण ठाऊक होतं. माणसाच्या बोटांना तेल असतं, घाम असतो, घामात मीठ असतं आणि मीठ धातू खातं, असं काकांचं म्हणणं. हात मिळवायला आलेला माणूस काही धातूचा नसतो, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

मिशिगनमधल्या नोव्हायला त्यांच्या घरी वरच्या खोलीत मी भाड्याने राहत होते. दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात नागपूरहून एका मोटार कंपनीच्या प्रोजेक्टवर आले आणि मंडळातल्या कुणीतरी हा पत्ता दिला. काका भाडेकरूंना नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. माझ्याआधी सोलापूर राहून गेलं होतं, त्याआधी हैदराबाद. हैदराबाद स्वभावाने चांगलं होतं, पण रोज कांदा जाळायचं. मी नागपूर. "अहो नागपूर, चहा टाकलाय," अशी खालून हाक आली की मी उतरायची. माझं खरं नाव त्यांनी लीजवर एकदाच वाचलं असावं.

काका मूळचे साताऱ्याचे. सत्तरच्या दशकात इकडे आले आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर क्वालिटीचं काम केलं. घासून आलेल्या पोलादावर अंगठा फिरवायचा आणि माल पास की नापास ते सांगायचं. यंत्र तेच नंतर सांगे. "पृष्ठभाग सगळं सांगतो," हे त्यांचं वाक्य दिवसातून एकदा तरी कानावर पडायचंच. माझ्या पहिल्या पोळीची जाडी त्यांनी व्हर्नियरने मोजली, मध्ये आणि कडेला फरक आहे म्हणून ती नापास केली आणि मग तुपाशी खाल्ली. या कामापायी त्यांच्या अंगठ्यांच्या रेषा पार झिजून गेल्या होत्या. नागरिकत्वाच्या वेळी ठसे घ्यायला गेले तर नुसता डाग उमटला. पुन्हा बोलावलं, पुन्हा तेच. ही गोष्ट ते कौतुकाने सांगत आणि आपला गुळगुळीत अंगठा पुढे करत. मला तो पाहवत नसे.

हा माणूस निवृत्त झाल्यावर नाण्यांच्या नादी लागला. त्या दहा वर्षांत अमेरिकेने प्रत्येक राज्याच्या नावाचा एक क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटचं नाणं, काढायचं ठरवलं होतं. दर वर्षी पाच राज्यं, ज्या क्रमाने ती देशात सामील झाली त्या क्रमाने. एका बाजूला तोच तो वॉशिंग्टन, दुसऱ्या बाजूला त्या राज्याचं चित्र. जॉर्जियाचं पीच, टेनेसीची वाद्यं, आमच्या मिशिगनची सरोवरं. इथली पोरं ही नाणी पुठ्ठ्याच्या नकाशात खोचून ठेवत. काकांचं तसं नव्हतं. त्यांना टांकसाळीतून निघालेलं, माणसाचं बोट न लागलेलं नाणंच हवं असे. संग्राहकाच्या बाजारात किंमत त्यालाच. पांढरे सुती हातमोजे घालायचे, नाणं कडेने धरायचं, श्वास दुसरीकडे सोडायचा. असं त्यांनी मला शिकवलं आणि शेवटी सांगितलं, की तरीसुद्धा तुम्ही हात लावू नका.

माझ्या चिल्लरीवर मात्र त्यांचा हक्क होता. ऑफिसातून आलं की दारात बूट काढायचे आणि पर्समधली नाणी बशीत ओतायची. काका भिंग लावून बघत आणि तितकीच दुसरी चिल्लर माझ्या हातावर ठेवत. चुकून छापलेलं एखादं नाणं सापडावं, ही त्यांची आस होती. विस्कॉन्सिनचं तसं झालं होतं. त्या नाण्यावर गाय, चीजचा गोळा आणि मक्याचं कणीस आहे. काही नाण्यांवर कणसाला एक पान जास्तीचं उमटलं. पेपरात बातमी आली आणि पंचवीस सेंटच्या नाण्याला लोक शेकडो डॉलर देऊ लागले. काकांना ते बशीत कधी मिळालं नाही, म्हणून त्यांनी विकत घेतलं. काकू म्हणायच्या, "यांचा कोट बघितलास का कोपरावर? त्याला ठिगळ आणि मक्याच्या पानाला पैसे."

काकू ठेंगण्या, लगबगीच्या. घरभर त्यांचं काहीतरी चाललेलं असे आणि हसणं वरच्या खोलीपर्यंत यायचं. त्यांच्या उजव्या अंगठ्यावर एक तिरपा व्रण होता. लग्नाआधी नारळ खवताना विळी लागली होती, तेव्हाचा. तो पुढे इतका महत्त्वाचा ठरेल असं वाटलं नव्हतं. माझ्या लक्षात आला होता तो केवळ एकदा त्यांनी माझ्या केसांना तेल लावलं तेव्हा, कारण तो टाळूला खरखरीत लागला.

त्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाला काका दुकानात गेले होते आणि परत आले तेव्हा काकूंनी पाटावर विस्कॉन्सिन मांडलेलं होतं. शेजारी जॉर्जिया, मिशिगन आणि आणखी एक. चारही नाणी दुधात अंगठ्याने चोळून धुतलेली, पुसलेली आणि कणसावर हळद-कुंकवाचं बोट. मी फुलं निवडत तिथंच बसले होते. मला सगळं कळत होतं, पण काकूंच्या हाताला इतकी घाई होती की मी तोंड उघडेपर्यंत ते होऊन गेलं. काका दारात नुसते उभे राहिले. काकूंनी वर बघितलं आणि अगदी साध्या सुरात सांगितलं, "गाय आहे, धान्य आहे. याच्याइतकं पूजेचं नाणं तुमच्या अमेरिकेने दुसरं काढलेलं नाही."

काका ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "यापुढे तू कशालाही हात लावायचा नाहीस."

काकू बरं म्हणाल्या. आरती झाली, फराळ झाला. दोघं नंतर रोजचं बोलत होते, भाजी काय करू, फोन कुणाचा होता. पण नाण्यांच्या त्या कपाटावरून काकूंनी फडकं फिरवणंसुद्धा सोडलं. जानेवारीत एका सकाळी स्वयंपाकघरातच त्यांना हार्ट अटॅक आला. अँब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी ऑफिसातून आले तेव्हा ओट्यावर अर्धी चिरलेली कोबी तशीच होती.

त्यानंतरचे काका वेगळे. पूर्वी दिसेल तो ठसा पुसणारा हा माणूस आता काहीच पुसू देईना. फ्रिजच्या दारावर वर उजवीकडे हात लावायचा नाही, तिथं काकूंचा हात लागे. मसाल्याच्या डब्याचं झाकण कडेने उचलायचं. बाथरूमच्या आरशावर तेलकट बोटांची एक रांग होती, तिच्यामुळे मला केस विंचरताना अर्धाच चेहरा दिसायचा. काही महिने हे मी दुःख म्हणून चालवून घेतलं. कोण कसं सावरेल ते सांगता येत नाही.

मग एप्रिलमध्ये चहा ओतता ओतता ते म्हणाले, "आज जॉर्जिया आली."

मला वाटलं, कुणी पाहुणी. त्यांनी हातमोजे घातले, अल्बम आणला आणि भिंग माझ्या हातात दिलं. पीचच्या चित्रावर एक अंगठा होता. करड्या रेषांचा, नाजूक, आणि मधून तिरपी गेलेली एक कोरी चीर. बोटाचं तेल धातूवर राहतं, दिसत नाही, आणि महिन्यांनी, कधी वर्षांनी ते धातू खाऊन वर येतं, असं काकांनी समजावून सांगितलं. पक्कं येतं, पुसलं तरी जात नाही. लक्ष्मीपूजनाचा अंगठा आता दिसायला लागला होता. यात भुताखेताचं काही नव्हतं आणि त्या दिवशी मला भीतीही वाटली नाही. उलट त्यांचा चेहरा पाहून बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात विस्कॉन्सिन आलं, मग मिशिगन, मग चौथं. तिथं थांबायला हवं होतं. थांबलं नाही. "आज टेनेसी आली." "आज ओहायो." पाटावर कधी न आलेली नाणी. मी म्हटलं, काकूंनी आधीच्या वर्षांत तुमच्या नकळत पूजा केली असेल. काका म्हणाले, असेल. तेही त्यांना चाललं असतं. पण चहाच्या वेळी ते जिन्याखाली येऊन एखाद्या राज्याचं नाव घेत आणि मला वरच्या पायरीवरच थांबावंसं वाटे.

नेब्रास्काचं नाणं काकू गेल्यानंतर निघालं. बैल जोडलेली छपराची गाडी आणि मागे एक सुळका. काकांनी ते माझ्यादेखत पाकिटातून काढलं, कडेने धरून अल्बममध्ये बसवलं आणि कपाटाला कुलूप लावलं. दिवाळीनंतर एका सकाळी त्यांनी अल्बम उघडून माझ्यापुढे धरला. बैलांवर अंगठा होता. तिरपी चीरसुद्धा.

मी घाबरले. सरळ सांगते, त्या दिवशी मी दोन दुसरी घरं बघून आले. पण मला शंकाही होती, की हे काका स्वतःच करत असतील. एकटा माणूस दुःखात काय करेल सांगता येत नाही. ती शंका त्यांच्या अंगठ्यापाशी येऊन अडे. त्यांचा ठसा उमटतच नव्हता.

त्यांनी ती नाणी घेऊन मला एका नाणेवाल्याकडे गाडीने न्यायला लावलं. एका छोट्या शॉपिंग प्लाझात, नखं रंगवायच्या दुकानाशेजारी त्याचं दुकान होतं. म्हातारा गोरा माणूस, जाड चष्मा. विस्कॉन्सिन पाहून त्याने चुकचुक केलं. जास्तीचं पान अस्सल आहे, पण अंगठ्यामुळे किंमत गेली. मग नेब्रास्का भिंगाखाली धरलं आणि दोन्ही शेजारी ठेवून म्हणाला, एकच अंगठा आहे. व्रण बघा. लहान आहे, बाईचा असावा. तुमच्या मिसेसना सांगा, नाणं कडेने धरायचं असतं.

"सांगतो," काका म्हणाले.

घरी येताना त्यांनी खिडकीकडे तोंड करून सगळा रस्ता शीळ घातली. मी मात्र घर सोडलं नाही. का नाही, हे मला नीट सांगता येत नाही. एक तर भाडं कमी होतं. दुसरं म्हणजे त्या घरात मला कधी वाईट वाटलं नाही, फक्त कुणीतरी नुकतंच खोलीतून उठून गेलंय असं वाटायचं, आणि सोफ्यावर बसण्याआधी मी जागा बघायला लागले होते.

काकांना एकच मुलगा, निखिल, सांता क्लाराला. तो दर रविवारी फोन करून, बाबा, घर विकून माझ्याकडे या, म्हणायचा. काका बर्फावर घसरून पडले आणि महिनाभर वॉकर घेऊन चालले, तेव्हापासून त्याने धोशाच लावला. काकांचं उत्तर ठरलेलं. निखिलने नवं घर काकू गेल्यावर घेतलं होतं. "ती इथं येते," काका मला म्हणाले. "त्या पोराचा पत्ता तिला कुठं ठाऊक आहे? मी गेलो तर ही इथं येऊन बसेल आणि घरात कुणी नसेल." हे ते इतक्या व्यवहारी सुरात बोलले की मी मान डोलावली. निखिलला हे कळलं तेव्हा त्याने मला वेगळा फोन केला. विचारलं, बाबांना डॉक्टरला दाखवायला हवं का. मी काय सांगणार? मीही तो अंगठा पाहिला होता.

तोवर एक सोडून सगळी राज्यं उमटली होती. मोंटानाच्या गव्याच्या कवटीवर, अलास्काच्या अस्वलावर. राहिलं होतं हवाई, शेवटचं, आणि ते दोन हजार आठची दिवाळी उलटल्यावर बाजारात आलं. बापलेकांत त्यावर करार झाला. काका शेवटी क्वालिटीचे. त्यांनीच परीक्षा ठरवली. हवाईचं नाणं त्यांनी मागवलं ते प्रमाणपत्र देणाऱ्या कंपनीकडून, कडक प्लास्टिकच्या सीलबंद डबीत. ही डबी फोडल्याशिवाय उघडत नाही आणि आत नाण्याला माणसाचं बोट लागू शकत नाही. नाण्याला सत्तरपैकी एकोणसत्तर गुण होते. एक गुण कुठं कापला, यावर काका दोन दिवस चिडले. मग डबी देव्हाऱ्यात ठेवली. ख्रिसमसच्या सुट्टीत निखिल येईपर्यंत त्यावर काही उमटलं नाही, तर काका त्याच्याबरोबर जातील. उमटलं, तर या घरातून हलण्याचा विषय निखिलने पुन्हा काढायचा नाही.

मी रोज देव्हाऱ्यावरून जाताना डबीकडे बघायची. हवाईचा राजा बेटांकडे हात करून उभा आहे. नाणं इतकं स्वच्छ होतं की दिव्याची ज्योत त्यात दिसायची. डिसेंबर अर्धा उलटला. काकांचं जेवण कमी झालं. मनात मी निखिलच्या बाजूने होते, आणि तरी त्या म्हाताऱ्याचा चेहरा बघितला की उमटू दे बाबा एकदाचं, असंही वाटायचं.

निखिल पोचला त्या सकाळी बाहेर बर्फ पडत होता. तो बॅग ठेवून बूट काढत होता आणि काका देव्हाऱ्यापाशी खाली बसले होते. मांडीवर डबी. मी जवळ गेले आणि भिंगाची गरज नव्हती. राजाच्या छातीवर अंगठा होता. करड्या रेषा, आणि त्यांना तोडत गेलेली ती चीर. डबीच्या कडा मी स्वतः बोटाने चाचपल्या. कुठंही उघडलेली नव्हती. मी भिंतीला पाठ लावली.

निखिलने डबी दिव्यापाशी नेऊन उलटसुलट बघितली. "बाबा, इट्स जस्ट मॉइश्चर," तो म्हणाला. मग त्याने ती पुन्हा बघितली आणि काकांच्या मांडीवर परत ठेवली. तो अंगठा त्यानेही लहानपणापासून पाहिलेला होता.

करार काका जिंकले होते. मला वाटलं, आता शीळ ऐकू येईल. ते तसेच बसून राहिले, आणि मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

"नागपूर, मी हिला काय सांगितलं होतं आठवतं? कशालाही हात लावायचा नाही. आणि मग मीच रोज वाट बघत बसलो, आज कुठलं आणतेस, आज कुठलं." ते डबीकडे बघत होते. "सेट पुरा करायचा होता माझा. जिवंतपणी हात लावू दिला नाही, आणि मेल्यावर कामाला लावलं."

मग ते उठले. नारळ फोडायच्या हातोडीने त्यांनी ओट्यावर डबी फोडली. अल्बममधली सगळी राज्यं सिंकमध्ये ओतली, चिंच आणि मीठ काढलं आणि देवाची भांडी घासावीत तशी एक एक नाणं घासायला लागले. हातमोजे नाहीत, काही नाही. घासलेल्या नाण्याला बाजारात कुणी विचारत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? निखिल पुढे झाला तसा मी त्याचा दंड धरला. एकेक राज्य चकचकीत होऊन माझ्या हातातल्या टॉवेलवर येत होतं. पीच, बैलगाडी, कवटी. ठसे जात होते. प्रत्येक वेळी काका हलक्या आवाजात काहीतरी म्हणत. मला वाटतं ते "जा" म्हणत होते.

हवाई शेवटी घेतलं. त्यांनी ते घासलं, धुतलं, पुन्हा घासलं. मग नखाने, मग भांड्यांच्या काथ्याने. राजाचा चेहरा पुसट व्हायला आला, पण अंगठा तिथंच. उलट ओला असताना तो जास्त स्पष्ट दिसत होता. बराच वेळ गेल्यावर काकांनी नळ बंद केला.

"हट्टी," ते नाण्याला म्हणाले. आवाज चिडका नव्हता. ते एकदम शांत झाले होते. नाणं त्यांनी सदऱ्याला पुसून वरच्या खिशात टाकलं आणि निखिलला विचारलं, विमान किती वाजता मिळेल. निखिलने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते निघाले. घर विकलं जाईपर्यंत मी राहणार होते, म्हणून किल्ल्या माझ्याकडे दिल्या. चकचकीत नाणी बशीत ठेवून काका म्हणाले, वापरून टाका, दुकानात ट्रॉली सोडवायला लागतात. फ्रिजचं दार पुसलं तरी चालेल, असंही सांगितलं. निखिलने भाड्याची गाडी दारात आणून सुरू ठेवली होती. बर्फ थांबला होता आणि अंगणात ऊन होतं.

काका बाहेर आले ते कोपरावर ठिगळ लावलेला तोच कोट घालून. पुढच्या दारापाशी जायच्याऐवजी ते मागच्या दारापाशी गेले. ते उघडलं आणि बाजूला होऊन उभे राहिले. निखिलला वाटलं, त्यांना मागे बसायचंय. "बाबा, पुढे बसा ना, हीटर आहे," तो म्हणाला. काकांनी त्याला हाताने थांब म्हणून खुणावलं. साडी नेसलेल्या बाईला बर्फातून पाय उचलून आत बसायला आणि पदर सावरून घ्यायला जितका वेळ लागतो, तितका वेळ ते दार धरून उभे राहिले. मग वाकून आत बघितलं, काही अडकत नाही ना याची खात्री केली आणि दार हलकेच लावून पुढे जाऊन बसले.